काकुमा : तेहतीस वर्षांचा ‘तात्पुरता’ मुक्काम

पंपवाला

मंडळी, नैरोबीत येऊन मला आता नऊ वर्षं होतील. मूळ गाव मंगळवेढ्याजवळचं. धंदा सौर पंपांचा. बोअरवर पॅनेल बसवायची, पंप सोडायचा आणि बिघडला की शिव्या खायला हजर व्हायचं. या कामापायी २०१८ पासून २०२४ पर्यंत सहा वेळा काकुमाला, म्हणजे केनियातल्या मोठ्या निर्वासित छावणीत, जाणं झालं. दर गणपतीत इथल्या मंडळात कोणी ना कोणी विचारतंच, "तिकडे लोक तंबूतच राहतात ना रे?" आणि मी दरवर्षी हातात मोदक धरून अर्धवट उत्तर देतो. म्हणून एकदाच बसून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

तंबूत राहतात ते नवे आलेले. जुन्या काकुमात मातीच्या विटांची घरं आहेत, वर पत्रे, भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण. फांद्या कसल्या, तर आपल्या वेड्या बाभळीच्या! पहिल्यांदा उतरलो तेव्हा वाटलं, विमान चुकून सांगोल्याला उतरवलं की काय. इकडे तिला ‘मठेंगे’ म्हणतात. वाळवंट रोखायला म्हणून कोणी तरी आणली आणि तिने सगळंच व्यापलं. ही गोष्ट आपल्याला नव्याने सांगायला नको.

काकुमा केनियाच्या वायव्य कोपऱ्यात, तुर्काना जिल्ह्यात आहे. लोडवार या जिल्ह्याच्या गावापासून साधारण १२० किलोमीटर. पुढे लोकिचोगिओ आणि मग दक्षिण सुदानची हद्द. ऊन असं की दुपारी पाना हातात धरवत नाही. पाऊस नावाला, पण ‘ताराच’ नावाची कोरडी नदी वस्तीला लागून जाते. वरच्या अंगाला पाऊस झाला की तासाभरात लोंढा येतो आणि काठाची घरं विरघळवून नेतो. इतर वेळी त्याच नदीच्या पोटातलं पाणी आम्ही बोअरने वर काढतो. म्हणजे नदीच पाजते आणि नदीच बुडवते.

छावणी १९९२ ची. १९८३ ला सुदानात यादवी पेटली, तेव्हा दक्षिणेतली हजारो मुलं, बरीचशी आईबापांविना, चालत इथिओपियात गेली होती. १९९१ मध्ये तिथलं मेंगिस्तूचं सरकार पडलं आणि त्यांना पुन्हा पळावं लागलं. गिलो नदी ओलांडताना कित्येक जण बुडाले. उरलेले चालत चालत केनियाच्या हद्दीत आले, त्यांना इथे आणून वसवलं. त्यांच्यातले साडेतीन हजारांच्या वर मुलगे २००१ च्या आगेमागे अमेरिकेला गेले. छावणी मात्र राहिली. मागून सोमाली आले, काँगोवाले, बुरुंडीवाले, इथिओपियावाले आले. काकुमा १, २, ३, ४ असे भाग वाढत गेले, २०१६ मध्ये शेजारी कालोबेयेई ही नवी वसाहत झाली. दोन्ही मिळून आज तीन लाखांच्या घरात माणसं आहेत. आपल्याकडे एवढ्यात एक महानगरपालिका, दोन आमदार आणि चार बिल्डर होतात.

आता ज्वारी. मंगळवेढ्याचा माणूस असल्याने माझी नजर आधी तिकडेच जाते. शिधावाटपाच्या केंद्रावर माणसं पत्र्याखाली रांगेत उभी. आधी बोटाचा ठसा, मग मापाने धान्य, डाळ, तेल. एका वाटपात ज्वारी होती, लालसर, टपोरी. मी मूठभर उचलून वास घेतला तशी रांगेतल्या बाया हसायला लागल्या. या ज्वारीचं करायचं काय हे ज्याच्या त्याच्या देशावर अवलंबून. दक्षिण सुदानी बायका पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, त्याला ‘किस्रा’ म्हणतात. आंबोळीची चुलत बहीणच. सोमाली आणि काँगोवाल्यांच्या मात्र ती घशाखाली उतरत नाही. ते केंद्राच्या दारातच विकतात आणि त्या पैशांत मक्याचं पीठ नाही तर शेवया घेतात. भाव अर्थातच पडून मिळतो. "फुकटचं मिळालेलं विकून खातात" असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, की मीठ, साबण, दळणाचे पैसे कुठून आणायचे? शिध्यात गिरणीवाल्याचे पैसे येत नाहीत.

२०१५ पासून शिध्याचा काही भाग मोबाइलवर यायला लागला. नाव ‘बांबा चाकुला’, म्हणजे साधारण ‘घे तुझं अन्न’. ठरलेल्या दुकानदाराकडे जायचं आणि तेवढ्याचा माल घ्यायचा. कागदावर झकास. प्रत्यक्षात काय होतं ते मी एका सोमाली दुकानात चहा पीत पाहिलं (वेलदोडा घातलेला चहा, आपल्यापेक्षा गोड). गल्ल्याशेजारी बिस्किटाचा डबा, डब्यात रबर लावलेली सिमकार्डांची गड्डी. प्रत्येकाला चिकटपट्टी, तिच्यावर नाव. ही गिऱ्हाइकं महिनाभर उधारीवर माल नेतात, तारण म्हणून सिमकार्ड दुकानदाराकडे. महिन्याचे पैसे आले की तोच वळते करून घेतो. माझ्या आजोबांच्या गावात सावकाराकडे सातबारा असायचा, इथे सिमकार्ड. पण दुकानदाराला खलनायक करू नका. तोही निर्वासितच, आणि त्याची उधारी लोडवारच्या ठोकवाल्याकडे.

आणि दुकानं किती! २०१८ च्या एका पाहणीत दोन हजारांहून जास्त दुकानं आणि वर्षाची उलाढाल साडेपाच कोटी डॉलरच्या पुढे निघाली होती. इथिओपियन हॉटेलं, काँगोवाल्यांची शिंपीकामं, फोन चार्ज करून देणारे, सिनेमा दाखवणारे. दुकानाला स्वाहिलीत ‘दुका’ म्हणतात आणि टपरीवर चपाती-राजमा मिळतो. उपाशी राहायचा प्रश्न नाही, म्हणजे माझ्या.

आता मुख्य माणूस. त्याला मी इथे ‘वायरमन’ म्हणतो, नाव नको. तीन पंप एकटा सांभाळतो. १९९३ साली छावणीतच जन्मला. कागदावर दक्षिण सुदानचा, म्हणजे जो देश त्याच्याहून अठरा वर्षांनी लहान आहे आणि जो त्याने पाहिलेला नाही. इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, स्वाहिली मातृभाषेसारखी. कंट्रोलरचा आवाज ऐकून सांगतो, "इंजिनियर, वाळू आलीय." त्याच्या कामाला पगार म्हणत नाहीत, ‘इन्सेंटिव्ह’ म्हणतात. कारण पगार द्यायचा तर कामाचा परवाना लागतो आणि तो निर्वासिताला मिळणं म्हणजे दिव्य. किटालेहून आलेला केनियन तंत्रज्ञ तेच काम करतो, त्याला याच्या कितीतरी पट.

२०१९ मध्ये एका पंपाची केबल जळली. म्हटलं, चल लोडवारला, तूच निवडून घे. तो नुसता हसला. छावणीबाहेर जायला पास लागतो. आम्ही अर्ज केला. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, उद्या या. उद्या साहेब नव्हते. परवा शिक्का नव्हता. मी एकटाच गेलो, केबल आणली, ती एक माप बारीक निघाली. तो दोन दिवस तिच्याशी झटत होता आणि एका शब्दाने बोलला नाही. पास पाचव्या दिवशी आला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला, म्हणाला, "मुदत संपेपर्यंत तरी माझ्याकडे एक रस्ता आहे."

गरिबी मी मंगळवेढ्यातही पाहिलीय. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वडिलांनी खडी फोडली. पण ते पुढे पुण्याला गेले, त्यांना कोणी पास विचारला नाही. काकुमाची मेख तिथे आहे.

बाकी प्रतिसादांत लिहितो. जेवायला बोलावणं आलंय.

अनुस्वार

वाचनखूण साठवली. सिमकार्डांचा डबा डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चष्मेबद्दूर

उत्तम धागा. एक भाबडा प्रश्न. तेहतीस वर्षं म्हणजे फार झाली. सुदानातलं युद्ध मध्यंतरी थांबलं होतं ना? मग लोक परत का गेले नाहीत? आणि अमेरिकेत सगळ्यांना का नेत नाहीत?

पंपवाला

गेले होते की. २००५ च्या शांतता करारानंतर हजारो लोक परत गेले, काकुमा बऱ्यापैकी रिकामी झाली होती. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा देश झाला तेव्हा तर छावणीत रात्रभर ढोल वाजले म्हणे. वायरमनची आईसुद्धा सामान बांधून बसली होती. मग डिसेंबर २०१३ मध्ये नव्या देशातच आपसात जुंपली. गेलेले परत आले, वर नवे आले, आणि काकुमा ४ उभी राहिली.

अमेरिका-कॅनडाचं म्हणाल तर जगभरातच निर्वासितांपैकी शेकडा एकालाही धड तो योग येत नाही. मुलाखती, वैद्यकीय तपासण्या, पुन्हा मुलाखती असं चक्र वर्षानुवर्षं चालतं. पूर्वी नावांच्या याद्या फलकावर लावत. आपल्याकडे दहावीच्या निकालाला शाळेत उडायची तशी झुंबड, फक्त हा निकाल आठ-दहा वर्षांनी लागणारा. सोमाली लोकांत याला खास शब्द आहे, ‘बुफिस’. परदेशी जाण्याची आस, आणि त्या आशेने माणूस आतून बिघडतो तो आजार, दोन्हीला तोच शब्द. "त्याला बुफिस झालाय" म्हणजे तो आता इथे नाही. धंदा सुरू करत नाही, घर दुरुस्त करत नाही, लग्न ठरवत नाही. केनियातल्याच दादाबच्या, मुख्यतः सोमालींच्या, छावण्यांत हा शब्द रुजला आणि काकुमात तो आता सोमाली नसलेलेही वापरतात.

शंकासुर

लेख चांगला आहे, पण नाण्याची दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून मी.

१) केनिया हा काही श्रीमंत देश नाही. त्याने बाहेरच्यांना किती वर्षं पोसायचं?
२) तुर्काना लोक स्वतः दुष्काळाने गांजलेले. त्यांच्या जमिनीवर छावणी, आणि शिधा मात्र पाहुण्यांना?
३) तेहतीस वर्षं आयतं मिळालं की हात-पाय हलवायची सवय जाते. हे कटू आहे पण खरं आहे.
४) नैरोबीतला वेस्टगेट मॉल आणि गारिसा विद्यापीठ, दोन्हींवरचे अल-शबाब या सोमाली अतिरेकी संघटनेचे हल्ले विसरू नका. सुरक्षेचा प्रश्न हवेतला नाही.

सुगरण_नाही_मी

शंकासुर, तिसरा मुद्दा वाचून हसू आलं. वरच्या लेखात दोन हजार दुकानं आहेत, ती काय भुतं चालवतात?

निळी_टोपी

मी इथे क्वचित लिहितो, पण वरचं डिसेंबर २०१३ वाचलं म्हणून.

मी तेव्हा युनोच्या सेनेत दक्षिण सुदानला होतो, आपल्या बटालियनबरोबर, जोंगलेई प्रांतात. त्या महिन्यात अकोबोच्या ठाण्यावर हल्ला झाला. जीव वाचवायला आत शिरलेल्या लोकांना मारायलाच हल्लेखोर आले होते. आपले दोन जवान त्यात गेले. मी तिथे नव्हतो, दुसऱ्या तळावर होतो, पण वायरलेसवर ऐकत होतो.

आमच्या तळाच्या फाटकाशीही रातोरात माणसं जमली. नियमाप्रमाणे आधी झडती घ्यायची. एका बाईच्या गाठोड्यात तवा, मुलाची शाळेची वही आणि दाराची किल्ली होती. घर जळलं होतं हे तिनेच सांगितलं, तरी किल्ली जपून. आम्ही तिला आत घेतलं. पुढे ऐकलं की त्यातले बरेच जण केनियाकडे निघाले. कदाचित पंपवाल्यांनी तिला पाणी पाजलं असेल. बस, एवढंच.

पंपवाला

निळी_टोपी, नमस्कार तुम्हाला. यावर काही लिहिता येत नाही.

शंकासुर, क्रमाने नाही पण सगळ्याला उत्तर देतो.

तुर्कानांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी तर म्हणेन, काकुमात सगळ्यात कमी ज्यांचं कोणी ऐकलं ते तुर्काना. गुरं-शेळ्या राखणारी माणसं, चराई हीच इस्टेट. त्यांची नदी, त्यांचं रान, त्यावर शहर उभं राहिलं. पहाटे छावणीकडे येणारी रांग पाहिली तर त्यात तुर्काना बायका असतात. गळ्यात खांद्यापासून हनुवटीपर्यंत मण्यांच्या माळा आणि डोक्यावर सरपणाची मोळी. निर्वासितांना रानात लाकूड तोडायला बंदी आहे, त्यावरून मारामाऱ्या झाल्यात. वाटपातलं सरपण पुरत नाही. मग तुर्काना बाई मोळी किंवा कोळसा देते आणि बदल्यात डाळ-पीठ नेते. कित्येक जणी निर्वासितांच्या घरी पाणी भरतात, भांडी घासतात. म्हणजे निर्वासितांकडे मोलकरीण यजमानांची! शिधा येतो एकाच्या नावावर आणि शिजतो दोघांच्या चुलीवर. कालोबेयेई वसवताना हे ध्यानात घेऊन शाळा, दवाखाना, पाणी दोघांनाही, असं ठरवलं. थोडंफार झालं. आमच्या दोन पंपांवर दोन्हीकडच्या बायका येतात. पिवळे कॅन रांगेत लावून सावलीत बसतात आणि नंबरावरून भांडतात, त्या भांडणात मात्र पूर्ण समानता आहे.

केनियाने किती सोसायचं, हेही मान्य. आठ लाखांच्या वर निर्वासित या देशात आहेत, आणि ज्यांनी युरोपात कुंपणं घातली ते केनियाला माणुसकी शिकवतात. सुरक्षेपोटी सरकारने २०१६ मध्ये दादाब बंद करायचं जाहीर केलं, पुढच्याच वर्षी इथल्या उच्च न्यायालयाने तो हुकूम घटनाबाह्य ठरवला. २०२१ मध्ये परत दादाब आणि काकुमा दोन्ही बंद करायची मुदत घातली, तीही उलटली. दर वेळी छावणीतल्या दुकानदारांनी माल भरणं थांबवलं, शिक्षकांनी नोकऱ्या सोडल्या. बंद झाली नाही, पण चालूही राहिली नाही.

आळशीपणाचं मात्र मी ऐकून घेणार नाही. तुम्ही वायरमनला दुपारी दोनच्या उन्हात पॅनेलवर चढलेलं पाहिलेलं नाही. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांचा जो पहिला संघ गेला, त्यातले पाच धावपटू काकुमातले. रोझ लोकोन्येन झेंडा घेऊन पुढे होती. केनियाची नामांकित मॅरेथॉनपटू टेगला लोरूपे हिने त्यांना निवडून नैरोबीजवळ नगोंगला नेऊन तयार केलं. थोडं बाहेर निघू दिलं, तर एवढं झालं.

करवीरकर

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला अशीच छावणी होती. १९४३ ते ४८. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले पोलंडचे सुमारे पाच हजार लोक तिथे राहत होते, बहुतेक बायका-मुलं. शाळा, चर्च, थिएटर सगळं होतं. माझी आजी त्यांना दूध घालायला जायची. ‘जेन डोब्री’ म्हणजे नमस्कार, हे तिला मरेपर्यंत पाठ होतं. आणि गंमत म्हणजे वळिवड्यातल्या काहींना पुढे तुमच्या पूर्व आफ्रिकेतल्याच छावण्यांत हलवलं. टांझानियात अरुशाजवळ तेंगेरूला पोलिश लोकांची दफनभूमी अजून आहे. तेव्हा युरोपचे निर्वासित आफ्रिकेने सांभाळले होते, हे कोणी काढत नाही.

पण मुद्दा पुढे आहे. पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी आले. ती छावणी म्हणजे आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा जातो ते. जागा तीच, बराकी त्याच. पोलिशांना काही वर्षं सांभाळून निरोप दिला, सिंध्यांना हा देश आपला होता. त्यांनी भिंतीला भोक पाडून दुकान काढलं तेव्हा कोणी ‘इन्सेंटिव्ह’ दिला नाही आणि परवानाही मागितला नाही.

कॅम्प_नं_४

करवीरकर +१. नावावरून कळलंच असेल, मी उल्हासनगरचा. सिंधी आहे, पण मराठी माध्यमात शिकलो. लाखभर माणसं कल्याणच्या लष्करी बराकींत आणून सोडली होती, १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. अजून पत्ता सांगताना ‘कॅम्प चार’च म्हणतो, लाज वाटत नाही. माझी दादी लोकलमध्ये पापड विकायची, विठ्ठलवाडी ते व्हीटी. विनातिकीट असायची आणि टीसीपासून लपायची. वरचा पासचा किस्सा वाचून तेच आठवलं. तिला भीती दंडाची होती. रेल्वेत बसायची तिला मनाई नव्हती.

शंकासुर

तुलना चुकीची आहे. सिंधी भारतीयच होते, देश फुटला म्हणून आले. सोमाली केनियन नाहीत. नागरिकत्व असं वाटता येत नाही.
पण तुर्काना बायकांचं माहीत नव्हतं. आळशीपणाचा मुद्दा मागे घेतो. बाकीचे तीन शाबूत आहेत.

करवीरकर

शंकासुर मुद्दा मागे घेतायत! तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

कंपालाकर

नागरिकत्व न देताही मधला मार्ग निघतो. आमच्या युगांडात निर्वासिताला काम करायची, फिरायची मोकळीक आहे, वर थोडी जमीनही देतात. तिथली बिडीबिडी ही निर्वासित वसाहत २०१६ मध्ये सुरू झाली आणि काही महिन्यांत अडीच लाखांच्या वर गेली. तीस मीटर बाय तीस मीटरचा तुकडा प्रत्येक घराला. पण फार गोडवे गायचे नाहीत. तुकडा खडकाळ निघाला की त्यावर भेंडीसुद्धा येत नाही. आणि २०२३ पासून शिधा कापला तसे लोक परत शहराकडे किंवा थेट सीमेपार निघाले. मोकळीक असली तरी हातात भांडवल लागतंच.

चष्मेबद्दूर

शिधा कापण्याचं काकुमातही झालं ना? जुलै २०२५ मध्ये बातमीत पाहिलं, आंदोलन वगैरे. आणि पंपवाले, वायरमनचं पुढे काय? तुम्ही अर्धवट सोडलंय.

पंपवाला

मुद्दाम सोडलं होतं. सांगतो.

कंपालाकर म्हणतात ते अगदी खरं. केनियातही कायदा बदललाय. २०२१ चा नवा निर्वासित कायदा झाला, त्यात काम करायचा हक्क लिहिलाय. मार्च २०२५ मध्ये सरकारने ‘शिरिका’ नावाची योजना काढली, छावण्यांची हळूहळू गावं करायची आणि निर्वासित-स्थानिक एकाच व्यवस्थेत आणायचे अशी. काकुमाला नगरपालिकेचा दर्जाही मिळाला. म्हणजे उल्हासनगराच्या वाटेने पहिलं पाऊल पडलं म्हणा. पण ते पडलं नेमकं त्या वर्षी, ज्या वर्षी बाहेरून येणारा पैसा आटला.

जागतिक अन्न कार्यक्रमाने २०२५ च्या मध्याला शिधा पूर्ण मापाच्या २८ टक्क्यांवर आणला. मोबाइलवरचे पैसे थांबले. बिस्किटाच्या डब्यातली सिमकार्डं एका दिवसात निकामी झाली. दुकानदाराने उधारी बंद केली, कारण लोडवारच्या ठोकवाल्याने त्याची बंद केली. तुर्काना बाईच्या मोळीला गिऱ्हाईक उरलं नाही, कारण बदल्यात द्यायला पीठच नाही. ऑगस्टपासून लोकांची चार गटांत विभागणी केली. पहिल्या गटाला त्यातल्या त्यात जास्त, चौथ्याला काहीच नाही. जुलैत लोक रस्त्यावर आले ते या गटवारीच्या घोषणेवरून. आपल्याकडे दारिद्र्यरेषेच्या यादीवरून ग्रामसभेत काय होतं ते आठवा, फक्त इथे यादीबाहेर पडलेल्याला मजुरी शोधायला पुढच्या गावी जाता येत नाही.

वायरमन चौथ्या गटात गेला. का, तर घरात कमावता माणूस आहे. म्हणजे तोच, इन्सेंटिव्हवाला.

आता दुसरी गोष्ट. त्याचे मामा २००१ ला अमेरिकेला गेलेल्या मुलांपैकी. त्यांच्या खटपटीने याची फाईल सरकत सरकत २०२४ मध्ये शेवटच्या टप्प्याला आली. वैद्यकीय तपासणी झाली, तिथल्या थंडीबद्दल, कायद्यांबद्दलचे वर्ग झाले. विमान फेब्रुवारीचं मिळालं. बायकोच्या नावावर थंड पाण्या-सरबताचं छोटं दुकान होतं, त्यातला फ्रीज त्याने जानेवारीत विकला. गाद्या शेजाऱ्यांना वाटल्या. मला फोन केला, "इंजिनियर, तिथे पंप असतात का?" मी म्हटलं, असतात, पण पाणी नळाला येतं.

वीस जानेवारी २०२५ ला अमेरिकेत ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्याच दिवशी निर्वासितांना घेणं स्थगित केलं. विमानं रद्द झाली. त्याच्या वैद्यकीय तपासणीची मुदतही आता संपली.

महिनाभर त्याने फोन उचलला नाही. मला वाटलं, झाला याला बुफिस. सोमाली दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, रोज येतो, बसतो, चहा पितो, पैसे देतो, बोलत नाही. मार्चमध्ये फोन आला तो फ्रीजचा. ज्याला विकला होता तोच आता दीडपट किंमत मागत होता. मी पैसे पाठवू का विचारलं, तर भडकला. म्हणाला, पैसे नकोत, त्या माणसाला समजाव. मी नैरोबीत बसून एका काँगोवाल्याशी मोडक्या स्वाहिलीत अर्धा तास फ्रीजचा भाव केला. मंगळवेढ्याच्या बाजारात बैल घेताना माझे वडील करायचे तस्सा. सव्वापटीवर तुटला.

सुगरण_नाही_मी

फ्रीज चालतोय का आता?

पंपवाला

चालतोय. काल त्याने फोटो पाठवलाय, पण फ्रीजचा नाही, दोन नंबरच्या पंपाच्या कंट्रोलरचा. लाल दिवा लागलाय. खाली लिहिलंय, "वाळू नाही. या वेळी केबल. तुम्ही आणलेलीच." योग्य मापाची पुढच्या आठवड्यात पाठवतोय, लोडवारच्या गाडीने. तिथून पुढे आणायला तो स्वतः येईन म्हणतोय. पासासाठी अर्ज केलाय.